दुखणं जात नाही. मग ‘अशक्तपणातच शक्ती’ म्हणजे नेमकं काय?

एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सांध्यांच्या जुनाट आजाराने त्या काही वर्षांपासून जवळजवळ अंथरुणाला खिळल्या आहेत. पूर्वी संडे स्कूलमध्ये शिकवायच्या, आता सलग बसवतही नाही. प्रार्थना झाल्या, उपास झाले, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नेमलेल्या वडिलांनी हात ठेवून मागणं केलं. दुखणं आहे तिथेच आहे. कुणी म्हणतं, विश्वास कमी पडतोय. कुणी म्हणतं, देव तुम्हाला घडवतोय. आणि त्या विचारतात, ‘बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौल म्हणतो, जेव्हा मी अशक्त तेव्हाच मी सशक्त. मला तर नुसतं अशक्तच वाटतं. मग ती शक्ती कुठे आहे? ती मिळवायची कशी?’

ताई, पाळक म्हणून माझा बराच काळ आजारी माणसांच्या उशाशी गेला आहे आणि तुमचा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. काहींनी तो रागाने विचारला, काहींनी इतक्या हळू आवाजात की जणू तो देवाच्या कानी जाऊ नये. मला वाटतं, हा प्रश्न देवाने ऐकावा असाच आहे. उत्तर लांबणार आहे. बसवेल तेवढं वाचा, बाकीचं नंतर.

आधी ते ‘विश्वास कमी पडतोय’ बाजूला काढू, कारण ते मनात टोचत असेपर्यंत पुढचं काही आत शिरणार नाही. पवित्र शास्त्रापुढे ते टिकत नाही. पौलाचीच पत्रं पाहा. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता, तो वरचेवर आजारी पडायचा. पौल त्याला ‘विश्वास वाढव’ असं लिहीत नाही. थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहितो. त्रफिमाला तो मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे गेला. एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा पौल म्हणाला की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख सोसावं लागलं असतं. ज्या पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, त्याच्याच सोबत्यांपैकी एक बरा झाला, एक मागे राहिला आणि एक दुखणं सांभाळत काम करत राहिला. या तिघांपैकी कुणाच्याही विश्वासाचं माप काढलेलं नाही.

येशूसमोर हाच हिशेब दोनदा मांडला गेला आणि दोन्ही वेळा त्याने तो फेटाळला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं दगावली, त्यांच्याविषयी तो म्हणतो की यरुशलेमातल्या इतरांपेक्षा ती अधिक अपराधी नव्हती. आणि अर्धांगवायूचा तो रोगी, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, त्याच्या गोष्टीत मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस तर एक शब्दही बोललेला नाही. म्हणजे विश्वासाचा प्रश्न काढायचाच असेल, तर तो आधी खाट उचलायला आलेल्यांना विचारायला हवा. कुणी तुमच्या विश्वासाचं माप काढू लागलं तर हा प्रसंग त्यांना वाचून दाखवा. भांडण म्हणून नव्हे. त्यांनाही त्याची गरज आहे.

दुसरं वाक्य, ‘देव तुम्हाला घडवतोय’, जरा अवघड आहे, कारण त्यात खरेपणाचा अंश आहे. संकटाने धीर येतो, धीराने शील घडतं, शीलातून आशा निर्माण होते, असं पौल रोमकरांस लिहितो. पण तो हे स्वतः मार खाल्लेला माणूस म्हणून लिहितो. ज्याने सोसलं त्याने मागे वळून पाहताना म्हणायचं हे वाक्य आहे. खाटेपाशी उभं राहून दुसऱ्याला ऐकवायचं नाही. ईयोबाच्या पुस्तकात, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांनी सगळं योग्य केलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? आपली बाजू मांडणाऱ्यांवर. ईयोबाने जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला जाब विचारला होता, आणि देव म्हणतो की माझ्याविषयी जे यथार्थ ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही बोलला नाहीत.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1518 साली हायडेलबर्ग इथल्या वादसभेत काही सिद्धान्त मांडले. त्यातला एक मला आजारी माणसांसाठी फार मोलाचा वाटतो. गौरवाचा ईश्वरविज्ञानी, म्हणजे देवाला फक्त वैभवात शोधणारा, वाईटाला चांगलं आणि चांगल्याला वाईट म्हणतो. वधस्तंभाचा ईश्वरविज्ञानी, म्हणजे देवाला ख्रिस्ताच्या दुःखात ओळखणारा, वस्तू जशी आहे तशी सांगतो. म्हणजे वधस्तंभावरच्या ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला दुखण्याला आशीर्वाद म्हणण्याची सक्ती नाही. दुखणं हे दुखणंच. चार शुभवर्तमानं चाळून पाहा, येशू एकाही आजाऱ्याला म्हणत नाही की हा आजार ठेव, तुझ्या भल्याचा आहे. तो बरं करतो, आणि मित्राच्या कबरीपाशी रडतो. मरणाला पौल शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू.

हे मी इतकं ठासून सांगतो, कारण दुःख आपोआप कुणाला पवित्र करत नाही. मी दुःखाने मऊ झालेली माणसं पाहिली आहेत आणि त्याच दुःखाने कडू झालेलीही. आजार तोच, वॉर्ड तोच, मंडळीही तीच. बळ दुःखात साठवलेलं असतं आणि पुरेसं सोसलं की हाती लागतं, असं मानलं तर आपण दुःखालाच देव करून बसतो. बळ ख्रिस्ताचं आहे. तो ते अशक्तपणात देतो, एवढंच शास्त्र सांगतं, आणि त्या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आता करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या पौलाच्या त्या ओळीकडे येऊ. ती भिंतीवर टांगायच्या चौकटीत एकटीच वाचली की भलती ऐकू येते: अशक्त व्हा, मग आपोआप सशक्त वाटेल. ती कुठल्या भांडणात लिहिली गेली हे पाहिलं की तिचा आवाज बदलतो.

करिंथच्या मंडळीत काही उपदेशक आले होते. वक्तृत्व फर्डं, हातात शिफारसपत्रं, तोंडी दृष्टान्तांच्या गोष्टी. पौल त्यांना ‘अतिश्रेष्ठ प्रेषित’ म्हणतो, आणि त्यात टोमणा आहे. त्यांच्यापुढे पौल फिका दिसू लागला. लोक उघड बोलू लागले की याची पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की कमजोर, आणि बोलणंही टाकाऊ. एखाद्या पाळकाबद्दल मंडळीने असं बोलावं, हे किती लागत असेल ते मी समजू शकतो. पौल उत्तर देतो, पण उलट बाजूने. बढाईच मारायची ना, मग ऐका: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं, भूक, थंडी, उघडेपणा, आणि रोजची सगळ्या मंडळ्यांची काळजी. यादीच्या टोकाला तो एक जुना प्रसंग ठेवतो. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) राजाचा अधिकारी त्याला पकडायला टपला होता, तेव्हा त्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं होतं.

हा प्रसंग तिथे का आला असावा? रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांआधी चढणाऱ्या वीराला सोन्याचा मुकुट मिळायचा. करिंथ ही रोमी वसाहत होती. तिथल्या लोकांना हा मान ठाऊक असणार. त्यांना पौल सांगतो की मी तट चढलो नाही, उतरलो. रात्री लपून आणि दुसऱ्यांनी दोर धरला म्हणून. काही अभ्यासकांना यात मुद्दाम साधलेला विरोध दिसतो. मलाही तो दिसतो, आणि तुमच्यासाठी त्यातली दुसरी बाब मला अधिक मोलाची वाटते: त्या रात्री पौलाने काहीच केलं नाही, तो फक्त बसून राहिला. दोर धरणारे हात दुसऱ्यांचे होते.

त्यानंतर काटा येतो. चौदा वर्षांपूर्वी आपण तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेले गेलो होतो हे पौल सांगतो, पण संकोचाने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं. आणि लगेच देहातला काटा. तो काय होता याचे तर्क पुष्कळ झाले आहेत: डोळ्यांचं दुखणं, हिवताप, फेफरं, विरोधकांचा छळ. पौल सांगत नाही, आणि त्याने सांगितलं नाही हे बरंच झालं. सांगितलं असतं तर तेवढाच आजार असलेल्यांनी तो उतारा आपला मानला असता. तो काट्याला सैतानाचा दूत म्हणतो. आणि त्याच वाक्यात असंही म्हणतो की मी फुगून जाऊ नये म्हणून तो मला देण्यात आला. दोन्ही एकाच श्वासात. काटा वाईट आहे, आणि देवाच्या हाताबाहेर नाही. यातलं एक टोक सोडून दुसरंच धरणारे तुम्हाला भेटतील. पौल दोन्ही धरून ठेवतो, आणि मलाही तेच खरं वाटतं.

तीनदा त्याने विनवलं. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे; कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते.’ काटा निघाला नाही. का टोचतोय याचा सविस्तर खुलासाही मिळाला नाही. मिळाला तो प्रभू स्वतः. आणि मग पौल म्हणतो की ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर छाया करून राहावं म्हणून मी माझ्या अशक्तपणाची प्रौढी मिरवीन.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पौल असं कुठेही म्हणत नाही की उत्तर ऐकल्यावर मला सशक्त वाटू लागलं. ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हाच’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. अशक्तपणा आधी आणि नंतर बळ, असा हा क्रम नाही. अशक्तपणा तसाच आहे आणि त्याच्यावर दुसऱ्याच्या सामर्थ्याची छाया आहे. छाया जिच्यावर पडते ती वस्तू बदललेली नसते. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल लिहितो की आसिया या रोमी प्रांतात आमच्यावर शक्तीबाहेरचा भार पडला, इतका की आम्ही जगण्याचीही आशा सोडली. काट्याचं उत्तर त्याला मिळालं त्यानंतरची ही गोष्ट असावी, असं मला पत्र वाचताना वाटतं. म्हणजे ‘कृपा पुरे आहे’ हे ऐकलेल्या माणसालाही जगण्याची आशा सोडावीशी वाटली. त्यातून तो काय शिकला? आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाला आपल्याकडून उरल्यासुरल्या जोराची अपेक्षा नसते.

तुम्हाला ‘नुसतं अशक्तच वाटतं’ हा तुमच्यात काही कमी असल्याचा पुरावा नाही. पौलालाही तेच वाटत होतं.

मग बळ आलं आहे हे ओळखायचं कसं? मी गेथशेमानेकडे जातो, जिथे पकडला जाण्याआधीच्या रात्री येशूने प्रार्थना केली. तिथेही तीन प्रार्थना आहेत, तिथेही मागितलेलं मिळत नाही. लूक सांगतो की स्वर्गातून एक देवदूत येऊन येशूला शक्ती देतो. आपण अपेक्षा करू की आता मन शांत होईल. पण पुढची ओळ वाचा: अत्यंत विव्हळ होऊन तो अधिकच आग्रहाने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला. शक्ती मिळाल्यानंतर यातना वाढल्या! देवदूताने दिलेलं बळ दुखणं कमी करण्यासाठी नव्हतं. प्रार्थना सुटू नये म्हणून होतं. इब्री लोकांस पत्रात याच येशूबद्दल लिहिलं आहे की त्याने मोठा आक्रोश करीत आणि अश्रू गाळीत विनंत्या केल्या. देवाच्या पुत्राची प्रार्थना शांत सुरातली नव्हती.

म्हणून बळाची खूण मी चेहऱ्यावरच्या शांतीत शोधत नाही. जो देवावर चिडला आहे, पण चिडून बोलतोय देवाशीच, त्याच्यात मला ते दिसतं. जिला दुसऱ्याच्या हातून अंग पुसून घ्यावं लागतं आणि ती ते लाज न धरता घेऊ देते, तिच्यात दिसतं. स्वतः वेदनेत असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं ऑपरेशन कसं झालं हे विचारणाऱ्यात दिसतं. ज्यांच्यात ते असतं त्यांना बहुधा ते जाणवतच नाही. तुम्ही हा प्रश्न लिहून पाठवलात. दुखणाऱ्या बोटांनी, देवाला न सोडता. मी त्याला अशक्तपणा म्हणणार नाही.

आता ‘मिळवायचं कसं’ हा भाग. मिळवण्यासारखं फार थोडं आहे, घेण्यासारखं पुष्कळ.

स्तोत्रांपासून सुरुवात करा, पण तुम्हाला पाठ असलेल्या आनंदाच्या स्तोत्रांपासून नव्हे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. मंडळीत आपण ती क्वचितच वाचतो, आणि मला ही आपल्या उपासनेतली मोठी उणीव वाटते, कारण रडणाऱ्या माणसाला रविवारी तोंडी घ्यायला शब्दच उरत नाहीत. तेरावं स्तोत्र लहान आहे, ‘कोठवर?’ हा प्रश्न त्यात चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून काळोखं आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारात संपतं. तरी त्याची पहिली ओळ ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशा हाकेने सुरू होते. तारण दिसत नसताना त्याला तारणारा म्हणून हाक मारणं, एवढंच त्या दिवशी त्या माणसाला जमलं. इस्राएलाने ते स्तोत्र टाकून दिलं नाही, मंडळीनेही नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले शब्द, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, हेही बाविसाव्या स्तोत्रातलेच. देवाने सोडल्यासारखं वाटतं तेव्हा तुम्ही ख्रिस्तापासून दूर गेलेल्या नसता. तो त्याच ओळीवर उभा आहे.

शब्दच सुचत नसतील तर कण्हण्यालाही प्रार्थना समजा. आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. तेही नको वाटेल त्या दिवशी दुसऱ्यांना तुमच्याऐवजी प्रार्थना करू द्या. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं लिहिलं आहे. बोलवायचं काम आजाऱ्याचं, प्रार्थनेचं काम त्यांचं. त्यांना पुन्हा बोलवा. तेल लावा म्हणा, स्तोत्र वाचा म्हणा, आणि उपदेश नको असेल तर तसंही सांगा. पाळकाला घरी येऊन प्रभुभोजन द्यायला सांगायला संकोचू नका. तिथे तुम्हाला काही करायचं नसतं, फक्त हात पुढे करायचा असतो.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला समजुतीचा एकही शब्द सांगितला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं झालं ते बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर. वेदनाशामक गोळी घेणं, फिजिओथेरपी करणं, उदासी दाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हे कृपेवरचा भरवसा सोडणं नव्हे. पौलासोबत लूक होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. विश्वासाच्या नावाखाली कुणी औषधं बंद करायला सांगितली तर ऐकू नका. आणि एलीयासारखं ‘माझा प्राण घे’ असं मनात येत असेल, तर ते पोटात ठेवू नका. आजच डॉक्टरांना आणि घरातल्या एखाद्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा.

इथे एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण हे उत्तर तुमच्याशिवाय इतरही वाचतील. आजार आणि अत्याचार एका मापाने मोजायचे नाहीत. घरात मारहाण होत असेल, कुणी छळत असेल, आणि ‘हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा’ असं कुणी सांगत असेल, तर तो सल्ला ख्रिस्ताचा नाही. लोकांनी दगड उचलले तेव्हा येशू मंदिरातून निघून गेला, कारण त्याची घटका अजून आली नव्हती. दावीद शौल राजाच्या भाल्यापुढून पळाला. पौल पाटीत बसून निसटला, आणि पुढे फटके मारायला त्याला वाद्यांनी बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून ते थांबवलं. निसटता येत असेल तिथून निसटावं, कायद्याची मदत घ्यावी. वधस्तंभ उचलणं हे शिष्याने मोकळेपणी करायचं असतं. दुसऱ्याने लादलेल्या क्रौर्याला ते नाव देऊ नये.

पूर्वी या वाटेने गेलेल्यांपैकी तिघांची आठवण मला होते. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये पती गेले. शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, त्यांच्या हयातीतच गेली. स्वतःला ऐकू येणं फार कमी झालं होतं. त्या अवस्थेत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. दुःखांनी त्यांना घडवलं असं मी म्हणणार नाही. एकेक दुःख येत गेलं आणि ज्याला त्यांनी धरलं होतं त्याने त्यांना सोडलं नाही, एवढं मला दिसतं.

दुसरा इंग्रज कवी विल्यम कूपर, 1731 ते 1800. त्याची भजनं आजही गायली जातात. 1773 मधल्या मानसिक आजाराच्या झटक्यानंतर देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे असं त्याच्या मनाने घेतलं, आणि ते मरेपर्यंत पुरतं गेलं नाही. त्याचा पाळक आणि मित्र जॉन न्यूटन त्याच्या वाईट दिवसांत त्याला धरून राहिला. मी कूपरचं नाव मुद्दाम घेतो, कारण साक्ष देताना आपण फक्त शेवट गोड झालेल्या गोष्टी सांगतो. कूपरला स्वतःला शेवटपर्यंत उजेड दिसला असं म्हणता येत नाही. तरी तो देवाच्या हातून निसटला असं मी मानत नाही. तारण आपल्याला काय वाटतं यावर टांगलेलं नाही, आणि हे ज्याला औदासीन्याचा आजार आहे त्याला वारंवार सांगायला हवं.

आणि जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर. हिटलरविरोधी कटातल्या सहभागामुळे त्याला 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिलं गेलं. त्याआधी, 16 जुलै 1944 च्या पत्रात, त्याने तुरुंगातून मित्राला लिहिलं की फक्त दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. सर्वशक्तिमान देव वरून हात घालून सगळं सरळ करील अशी वाट पाहून थकलेल्या माणसासाठी हे वाक्य पेलायला जड आहे, पण ख्रिस्ती विश्वासाचा गाभा तिथेच आहे. पुनरुत्थान झालेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. शिष्य थोमाने त्याला ओळखलं ते त्या वणांवरून. मरणावर विजय मिळवलेल्या देहातूनही जखमा पुसल्या गेल्या नाहीत, हे मला जितकं दिलासा देतं तितकं क्वचितच काही देतं.

संडे स्कूल सुटल्याची खंत तुमच्या प्रश्नात एका वाक्यात येऊन गेली, पण मला वाटतं दुखण्याइतकीच ती सलते आहे. ‘आता माझा उपयोग काय’ असं वाटत असेल. शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत, असं पौल करिंथकरांनाच लिहितो. अशक्त अवयवही थोडेफार कामाचे असतात, असं तो म्हणत नाही, आवश्यक म्हणतो. तुमच्यावाचून मंडळी अपुरी आहे, मग तुम्ही वर्गात उभ्या असा नाहीतर अंथरुणात. तुमच्याजवळ आता असं काहीतरी आहे जे मुलांना शिकवत होतात तेव्हा नव्हतं: ज्याचं दुखणं जात नाही त्याच्याशी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे तुम्हाला कळतं. देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्या दुःखितांचं सांत्वन करू शकावं म्हणून, असं दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सुरुवातीलाच आहे. मंडळीत जुनाट आजाराचं आणखी कुणी असेल तर तिला फोन करा. पाच मिनिटं पुरेत. ज्या दिवशी तेही झेपणार नाही त्या दिवशी करू नका. हे कर्तव्य म्हणून अंगावर घेऊ नका.

शेवटचं, बरं होण्यासाठी मागत राहायचं की थांबायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येईल. पौल तीनदा मागून थांबला, कारण त्याला थेट उत्तर मिळालं. तुम्हाला तसं मिळालेलं नाही, म्हणून मागणं थांबवायचं बंधन तुमच्यावर नाही. मागा. ख्रिस्त आजही बरं करतो असा माझा विश्वास आहे आणि मी स्वतः तुमच्यासाठी तेच मागणार आहे. पण मागून मागून थकवा आला आणि एखाद्या दिवशी विषयच नको वाटला, तर तो दिवस न मागता जाऊ द्या, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की आजचं मागणं तुमच्याकडे.